कुठेतरी पाणी मुरतंय: दगड वितळण्यात पाण्याचा आणि वायूंचा हात कसा ओळखायचा

नाशिकमध्ये राहून दगड बघायचे म्हटलं तर लांब जायला लागत नाही. पांडवलेणीला जा, चामरलेणीला जा, अंजनेरी चढा नाहीतर ब्रह्मगिरी, सगळीकडे तोच काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. त्यामुळे कॉलेजात नुकती जिऑलॉजी घेतलेली पोरं असोत की ट्रेकिंग करता करता दगडांच्या नादाला लागलेले लोक असोत, सगळे लाव्ह्यापर्यंत पटकन पोचतात, पण त्याच्या मागचा प्रश्न आला की गाडी अडते. हा दगड मुळात वितळला कसा? आणि पाण्यामुळे दगड लवकर वितळतो म्हणतात ते काय प्रकरण आहे, पाण्यानं तर आग विझते!

पुस्तकात एक ओळ असते, पाण्यामुळे खडकाचा द्रवणांक कमी होतो. ओळ बरोबर आहे, परीक्षेत मार्कही मिळतात, पण तेवढ्यावर थांबलात तर पुढे ज्वालामुखी, ग्रॅनाइट, हिमालय, आपला दख्खन, सगळीकडे गोंधळ होणार. म्हणून मी नवीन लोकांना ज्या क्रमानं सांगतो तो क्रम खाली देतोय. ग्राफ पेपर, पेन्सिल आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढंच लागेल. नुसतं वाचून पुढे जाऊ नका, रेघा स्वतःच्या हातानं काढा, या विषयात निम्मी समज त्या रेघांमधूनच येते.

आधी नावं क्लिअर करू. बाष्पनशील घटक म्हणजे व्होलाटाइल्स, यात पाणी पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मग कार्बन डायऑक्साइड, मग गंधक, क्लोरीन, फ्लोरीन वगैरे मंडळी. जमिनीवरच्या दाबाला ही मंडळी वायू होऊन पळून जातात म्हणून हे नाव. पण खोलवर जास्त दाबाखाली ती वितळलेल्या दगडात विरघळलेली असतात, बुडबुडा वगैरे काही नसतो, नुसत्या नजरेला काही कळणारच नाही अशी.

स्टेप १: "एक द्रवणांक" हे डोक्यातून काढा

बर्फ शून्याला वितळतो, सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कारण तो एकच पदार्थ आहे. खडक म्हणजे तीनचार खनिजांची भेळ, त्यामुळे त्याला एक आकडा नसतो, दोन असतात. ज्या तापमानाला पहिला थेंब सुटतो ते सॉलिडस, आणि ज्या तापमानाला शेवटचा स्फटिकही विरघळून सगळं पातळ होतं ते लिक्विडस. बेसाल्ट जमिनीवरच्या दाबाला साधारण १२०० अंशाच्या आसपास पूर्ण पातळ असतो आणि १००० च्या जवळपास येईपर्यंत पूर्ण घट्ट होतो, मधल्या सगळ्या पट्ट्यात तो अर्धा स्फटिक अर्धा रस. पाण्याचा परिणाम या दोन्ही आकड्यांवर होतो पण सारखा होत नाही, म्हणून कोणी "इतके अंश कमी होतं" असं म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, कोणता आकडा, सॉलिडस की लिक्विडस?

स्टेप २: ग्राफ आखा

आडव्या अक्षावर तापमान, ६०० ते १६०० अंश. उभ्या अक्षावर दाब, पण वरून खाली वाढत जाणारा, म्हणजे खाली जाणं म्हणजे पृथ्वीत खाली जाणं असं डोळ्याला दिसतं. दाबाचं खोलीत रूपांतर करायला एक ढोबळ हिशोब पाठ करून टाका: १ किलोबार म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर, आणि १० किलोबार म्हणजे १ गिगापास्कल म्हणजे साधारण ३५ किलोमीटर. मँटलचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा, दगड जड असतो म्हणून तिथे आकडा थोडा बदलतो, पण सुरुवातीला एवढं चालतं.

स्टेप ३: कोरडी रेघ

मँटलचा दगड म्हणजे पेरिडोटाइट. पाणी अजिबात नसेल तर त्याचं सॉलिडस जमिनीवरच्या दाबाला साधारण ११२० अंश, १ गिगापास्कलला १२५०, २ ला १३६५ आणि ३ ला १४७५ च्या आसपास. हे चार टिंब टाका आणि जोडा. रेघ खाली जाता जाता उजवीकडे झुकते, म्हणजे जितकं खोल तितकं वितळायला अवघड. का, तर वितळलेल्या दगडाला घट्ट दगडापेक्षा जास्त जागा लागते आणि वरचा दाब ती जागा द्यायला तयार नसतो.

आता इथे थोडं थांबा, कारण या एका रेघेत खूप काही आहे. पृथ्वी आत एवढी गरम असूनही मँटल घट्टच का राहतं याचं उत्तर ही रेघ. आणि तो वितळवायचा असेल तर रस्ते तीनच: आणखी तापवा, किंवा गरम दगडाला तसाच वर उचला म्हणजे दाब कमी होऊन तो रेघ ओलांडेल, किंवा दगड आहे तिथेच ठेवा आणि रेघच डावीकडे सरकवा. तिसरं काम पाणी आणि बाकी मंडळी करतात. नुसतं तापवणं खोल मँटलात फारसं घडत नाही, खरी स्पर्धा दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यात आहे.

स्टेप ४: रेघ का सरकते ते समजून घ्या

मटका कुल्फीवाला बर्फात खडेमीठ टाकतो ते सगळ्यांनी बघितलंय. मीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळतो, पार उणे २१ पर्यंत. कारण साधं आहे, मीठ पाण्यात विरघळतं पण बर्फाच्या स्फटिकात त्याला जागा नसते. म्हणजे मिठाला द्रवच आवडतो, आणि मीठ द्रवात शिरलं की द्रव राहणं हे बर्फ राहण्यापेक्षा सोयीचं होतं. दगडाचंही अगदी हेच: पाणी वितळलेल्या सिलिकेटमध्ये भरपूर विरघळतं, पण फेल्स्पार, क्वार्ट्झ, ऑलिविन या खनिजांच्या स्फटिकात त्याला जवळपास जागाच नाही. म्हणून पाणी आलं की रस होण्याकडे पारडं झुकतं.

रसाच्या आत काय होतं ते पण बघा. सिलिकेट रस म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं, एका सिलिकॉनला दुसऱ्या सिलिकॉनशी ऑक्सिजन जोडून ठेवतो. पाण्याचा रेणू आला की तो या जोडणीवर हल्ला करतो, एक जोड तुटतो आणि दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल बसतं. पाणी जास्त झालं की उरलेलं पाणी रेणूच्या रूपातच रसात राहतं. म्हणजे विरघळलेलं पाणी दोन अवतारात असतं, आणि हे १९८२ च्या सुमारास स्टॉल्पर यांनी इन्फ्रारेड वापरून नीट मांडलं. जाळं तुटल्यामुळे रस पातळही होतो. ८०० अंशाचा कोरडा रायोलाइट रस (रायोलाइट म्हणजे ग्रॅनाइटच्याच रसायनाचा लाव्हा) जवळपास काचेसारखा अडून बसतो, त्यातच ५-६ टक्के पाणी विरघळलं तर त्याचा घट्टपणा लाखो पटीनं उतरतो. म्हणजे पाणी दगड नुसता वितळवत नाही, तो वाहण्याजोगाही करून ठेवतं.

आता एक गणित करा, लोक इथे नेहमी चकित होतात. ५ टक्के पाणी म्हणजे किरकोळ वाटतं ना? १०० ग्रॅम अल्बाइट रस घ्या (अल्बाइट म्हणजे एक फेल्स्पार), त्यातलं ५ ग्रॅम पाणी. पाण्याचा रेणूभार १८, अल्बाइटचा २६२. ५ भागिले १८ म्हणजे ०.२८, आणि ९५ भागिले २६२ म्हणजे ०.३६. म्हणजे रेणूंच्या मोजणीत पाणी ४३ टक्के! वजनात चिमूटभर, संख्येत जवळजवळ निम्मं. पाण्याचा परिणाम एवढा दणकट का याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे.

स्टेप ५: ओली रेघ

आता ग्रॅनाइट घ्या, कारण त्याचे प्रयोग सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट झाले. गोरान्सन यांनी १९३१ मध्ये ग्रॅनाइटच्या रसात पाणी किती विरघळतं ते मोजलं, आणि १९५८ मध्ये टटल आणि बोवेन यांनी ग्रॅनाइटच्या वितळण्याचा सगळा पट मांडला. प्रयोग कसा करतात तेही माहीत असू द्या, दगडाची पूड आणि मोजून पाणी एका छोट्या सोन्याच्या नळीत घालून नळी दोन्हीकडून वेल्ड करून टाकतात, मग ती दाबाच्या भांड्यात ठेवून तापवतात आणि झटकन थंड करून आत काच झाली का स्फटिक राहिले ते मायक्रोस्कोपखाली बघतात. सोनं १०६४ लाच वितळतं म्हणून त्याहून गरम प्रयोगांना प्लॅटिनमची नळी, खर्चिक धंदा आहे एकूण.

तर आकडे. कोरडा ग्रॅनाइट जमिनीवरच्या दाबाला साधारण ९५० च्या पुढेच रस सोडायला लागतो. पाणी भरपूर असेल तर १ किलोबारला सॉलिडस ७२० च्या आसपास, २ किलोबारला ६८०, ५ किलोबारला ६५० च्या जवळ. हे टिंब टाका आणि वरच्या ९५० शी जोडा. रेघ आधी एकदम डावीकडे झेपावते आणि मग हळूहळू उभी होत जाते. कोरडी रेघ उजवीकडे आणि ओली डावीकडे, दोघींचा उतार उलटा!

उलटा का? दोन गोष्टी एकाच वेळी घडतायत. एक, दाब वाढला की रसात पाणी जास्त विरघळतं, कमी दाबाला तर दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दाब चौपट तर पाणी दुप्पट असा ढोबळ हिशोब. रायोलाइट रसात १ किलोबारला ४ टक्क्यांच्या आसपास, २ ला ६ च्या आसपास. जमिनीवर जवळपास शून्य, म्हणून तर दोन्ही रेघा वरच्या टोकाला एकाच ठिकाणी भेटतात. दुसरं म्हणजे जागेचा हिशोब फिरतो. आधी दगड अधिक मोकळी वाफ होती, वाफेनं भरपूर जागा अडवली होती, वितळल्यावर ती वाफ रसात गायब होते आणि एकूण जागा कमी होते. दाबाला कमी जागा आवडते. म्हणून पाण्यासोबत दाब वितळण्याच्या बाजूनं मतदान करतो आणि पाण्याशिवाय विरोधात.

पेरिडोटाइटचीही ओली रेघ काढा. कोरड्या रेघेपेक्षा ती कित्येक शे अंश डावीकडे असते, १००० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली. नेमकी कुठे यावर प्रयोग करणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद आहे, काहीजण ८०० च्या जवळ सांगतात. तुम्ही तिथे बारीक रेघेऐवजी जाड पट्टा रंगवा, तेच प्रामाणिक.

स्टेप ६: पाणी किती यापेक्षा पाणी कुठे बसलंय ते विचारा

ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक नोट्समध्ये हीच गाळलेली असते.

पाणी तीन ठिकाणी असू शकतं. खनिजांच्या फटीत मोकळं पाणी, खनिजाच्या रचनेत बांधलेलं पाणी, आणि रसात विरघळलेलं पाणी.

मोकळं पाणी असेल तर एक गंमत होते: सॉलिडस पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून राहत नाही. ०.१ टक्का मोकळं पाणी असो की ५ टक्के, पहिला थेंब त्याच तापमानाला सुटणार. फरक पडतो तो रसाच्या प्रमाणात, ०.१ टक्क्यात अगदी थोडा रस होतो, तो सगळं पाणी पिऊन टाकतो आणि मग तिथेच अडतो, पुढे वितळायला आणखी तापमान लागतं. बर्फाचंही असंच, मीठ थोडं असो की जास्त, पहिला थेंब उणे २१ लाच, फक्त किती पाणी होणार ते मिठावर. "पाणी जास्त म्हणून सॉलिडस जास्त खाली" हे वाक्य म्हणून अर्धवट आहे, आणि एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत हमखास इथेच पकडतात.

पण खोलवरच्या कवचात मोकळं पाणी फार नसतंच. तिथे पाणी खनिजात कोंडलेलं असतं, अभ्रकात आणि अँफिबोलमध्ये. हे खनिज जेव्हा मोडतं तेव्हाच पाणी सुटतं आणि सुटल्या सुटल्या रसात जातं. म्हणजे इथे वितळायची वेळ खनिज ठरवतं. पांढरा अभ्रक साधारण ६५० ते ७५० अंशात मोडतो, काळा अभ्रक ७५० ते ८५० च्या पट्ट्यात, अँफिबोल त्याहून वर, ८५० ते ९५० आणि पुढे. दाबाप्रमाणे हे आकडे हलतात पण क्रम तोच. हिमालयातले ते पांढरे ग्रॅनाइट, गंगोत्रीकडचे वगैरे, हे मुख्यतः पांढऱ्या अभ्रकाच्या अशा मोडण्यातून आलेत, तिथे ना बाहेरून पाण्याचा लोंढा आला ना मँटलचा जाळ लागला. बाहेरून पाणी मिळालं नाही तरी दगड वितळू शकतो, फक्त पाणी त्याच्या अंगातच असायला हवं.

मँटलात तिसराच प्रकार. ऑलिविन, पायरॉक्सिन ही नावाला कोरडी खनिजं, पण त्यांच्या स्फटिकातल्या दोषांमध्ये हायड्रोजन दडलेला असतो, दहा लाखात काही दहा किंवा काही शे भाग. एवढंसं. पण रस सुटायला लागला की हे पाणी स्फटिक सोडून रसाकडे धावतं, पहिल्या एकदोन टक्के रसात जवळपास सगळं गोळा होतं. त्यामुळे खोलवर कोरड्या रेघेच्या बरंच खालीच एखादा टक्का रस सुटू शकतो, पण खरं मोठं वितळणं कोरड्या रेघेजवळ पोचल्यावरच. तुमच्या ग्राफवर कोरड्या आणि ओल्या रेघेच्या मधली जी जागा आहे ना, खरी पृथ्वी बहुतेक वेळा तिथेच राहते.

स्टेप ७: कार्बन डायऑक्साइडला पाण्यासारखं समजू नका

याचा स्वभाव वेगळा. कमी दाबाला हा सिलिकेट रसात फारसा विरघळतच नाही, बेसाल्टमध्ये १ किलोबारला ०.०५ टक्क्याच्या आसपास, पाण्याच्या मानानं काहीच नाही. त्यामुळे साधारण २ गिगापास्कलच्या वर, म्हणजे ६०-७० किलोमीटरपेक्षा उथळ भागात, हा असला काय नसला काय, सॉलिडस फार हलत नाही. उलट पाणी आणि हा एकत्र असले तर हा मोकळ्या वाफेत घुसून पाण्याचा जोर पातळ करतो आणि सॉलिडस ओल्या रेघेपासून पुन्हा उजवीकडे सरकतं. हे नवीन माणसाला पटत नाही, त्याला वाटतं दोन वायू म्हणजे दुप्पट परिणाम.

आणि मग २ गिगापास्कलच्या खाली गेलात की एकदम रंग बदलतो. तिथे कार्बन डायऑक्साइड ऑलिविन-पायरॉक्सिनशी रिॲक्शन करून कार्बोनेट खनिज बनवतो, आणि कार्बोनेट असलेल्या पेरिडोटाइटचं सॉलिडस कोरड्यापेक्षा कित्येक शे अंश खाली कोसळतं. ग्राफवर रेघेला तिथे पायरीसारखा खळगा पडतो, तो नक्की काढा. आणि पहिला रस सिलिकेटचा नसतोच, कार्बोनेटचा असतो. असा रस वर येऊन गोठला की कार्बोनेटाइट. टांझानियातल्या ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीचा सोडियमवाला कार्बोनेट लाव्हा तर ५००-६०० अंशालाच वाहतो, दिवसा बघितला तर काळ्या चिखलासारखा दिसतो. आणि आपल्याला टांझानियापर्यंत जायची गरजही नाही, गुजरातेत छोटा उदेपूरकडे अंबाडुंगर आहे, दख्खनच्याच काळातला कार्बोनेटाइट, फ्लोराइटच्या खाणीसाठी प्रसिद्ध. सापुतारामार्गे वर जाणाऱ्या ट्रेकर लोकांनी एकदा तिकडे वाकडी वाट करावी.

फ्लोरीन, बोरॉन यांचं थोडक्यात: दोघेही सॉलिडस आणखी खाली ओढतात. पाण्यानं भरलेल्या ग्रॅनाइट रसात १ किलोबारला ४ टक्के फ्लोरीन घातलं तर ७३० चा आकडा ६३० च्या आसपास येतो. पेग्मटाइटमध्ये, म्हणजे खूप मोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटसारख्या दगडात, हातभर स्फटिक सापडतात त्याच्यामागे असले पाहुणे असतात. क्लोरीन आणि गंधक वितळण्यापेक्षा धातू वाहून नेण्यात जास्त कामाचे, ते सध्या सोडून द्या.

स्टेप ८: आता रस वर आणा

पेन्सिल ग्रॅनाइटच्या ओल्या रेघेवर ५ किलोबारला ठेवा, तापमान ६६०. समजा हा रस पाण्यानं काठोकाठ भरलाय आणि तो वर निघाला. पेन्सिल सरळ वर न्या. काय झालं? रेघ उजवीकडे वळली आणि तुम्ही घट्ट बाजूला जाऊन पडलात. दाब उतरला, पाणी रसातून सुटलं, आणि रस न थंड होता गोठला! ओल्या ग्रॅनाइटचे एवढे प्रचंड गोळे जमिनीखाली किलोमीटरोगणती खोल अडकून का पडतात याचं हे मोठं कारण. वर येऊन फुटायचं असेल तर रस जास्त गरम आणि पाण्यानं थोडा उपाशी असायला लागतो, म्हणजे त्याला वर यायला वाव मिळतो.

आणि कोरड्या रेघेवर हेच करून बघा, पेरिडोटाइट १५०० अंश, ४ गिगापास्कलवरून सरळ वर. इथे उलट, तुम्ही वितळण्याच्या बाजूला जाता. जो दाब कमी होणं एकाला गोठवतं तेच दुसऱ्याला वितळवतं. हा फरक बोटानं ग्राफवर फिरवल्याशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून सांगत होतो रेघा काढा.

शेवटच्या काही किलोमीटरमध्ये विरघळलेलं पाणी बुडबुडे होऊन फुगतं, आणि रस घट्ट असेल तर बुडबुड्यांना निसटता येत नाही आणि सगळंच फुटतं. १८८३ चा क्राकाटोआ, १९९१ चा पिनातुबो, दोन्ही सबडक्शनवरचे, म्हणजे जिथे समुद्रतळाची प्लेट खाली जाताना तिच्यातली ओली खनिजं मोडतात आणि पाणी वरच्या मँटलला मिळतं. अशा ठिकाणच्या बेसाल्टमध्ये सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास पाणी भरतं, आणि समुद्राच्या मधल्या डोंगररांगेवरच्या बेसाल्टमध्ये ०.१ ते ०.३ टक्के. भारतात असा सबडक्शनवाला जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

स्टेप ९: कॉम्प्युटरवर खेळा

रायोलाइट-मेल्ट्स नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. कुठल्याही साध्या बेसाल्टचं रासायनिक पृथक्करण घाला, दाब २ किलोबार ठेवा आणि पाणी आधी शून्य, मग १, २, ४ टक्के. दोन गोष्टी लिहून ठेवा. ऑलिविन कुठल्या तापमानाला दिसायला लागतं: १ टक्का पाण्याला ते साधारण ३५-४० अंशानं उतरतं आणि ४ टक्क्यांना १२० च्या आसपास, म्हणजे पहिला टक्का सगळ्यात जास्त काम करतो. आणि प्लॅजिओक्लेज, म्हणजे बेसाल्टमधला फेल्स्पार, कुठे दिसतं: ते याहून बरंच जास्त खाली ढकललं जातं. पाणी फेल्स्पारला उशीर करतं, ऑलिविनला कमी. ही ओळ अधोरेखित करा, पुढच्या स्टेपला लागणार आहे. प्रोग्रॅमचे आकडे प्रयोगाच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, दिशा बघा.

स्टेप १०: बूट घाला आणि बाहेर पडा

आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्हाचे थरावर थर, त्यातल्या एका खालच्या गटाला तर इगतपुरीचंच नाव दिलंय. साल्हेर १५६७ मीटर आणि कळसूबाई १६४६ मीटर, हे सगळं त्याच थरांमधून कोरलं गेलेलं. ग्राफवर हा दगड कुठे बसतो? बहुतेकांच्या मते दुसऱ्या रस्त्यावर, म्हणजे नेहमीपेक्षा गरम मँटल वर उचलला गेला, दाब उतरला आणि वितळला. पाणी मुख्य कलाकार नव्हतं. पण हे मान्य करायच्या आधी दगडाला विचारा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा बरा काळ, गवत बसलेलं आणि कातळ कोरडा. दहापटीचं भिंग घ्या. ताजा तुटलेला पृष्ठभाग शोधा, रस्त्याच्या कटिंगला किंवा खडी क्रशरच्या ढिगात मिळतो. पांडवलेणीवर हातोडा अजिबात काढायचा नाही, संरक्षित स्मारक आहे ते, आणि अंजनेरीलाही तोडफोड नको.

पहिलं बघा ओली खनिजं आहेत का. काळं खनिज दिसलं तर त्याचे फुटीचे कोन बघा: दोन फुटी जवळपास काटकोनात असतील तर पायरॉक्सिन, तिरक्या ५६ आणि १२४ अंशाच्या असतील तर अँफिबोल. आपल्याकडच्या साध्या बेसाल्टमध्ये पायरॉक्सिन मिळेल, अँफिबोल आणि अभ्रक नाही. मग फेल्स्पार. कसाऱ्याच्या घाटात, म्हणजे थळ घाटात, असे बेसाल्ट आहेत की ज्यात प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या कित्येक सेंटीमीटर लांब आहेत, भिंगही लागत नाही. एवढ्या मुबलक आणि मोठ्या प्लॅजिओक्लेजसाठी ते खनिज लवकर आणि निवांत वाढायला हवं, आणि पाणी जास्त असतं तर ते मागे ढकललं गेलं असतं. एकटा पुरावा म्हणून हे पुरेसं नाही, पण अँफिबोल नसणं आणि हे मिळून बोट कोरड्या बाजूकडेच दाखवतात. (घाटात हायवेवर गाडी लावून दगड बघत बसू नका, ट्रक थांबत नाहीत.)

अगदी कोरडा होता का? नाही. थराच्या वरच्या भागात भोकाभोकाचा दगड दिसेल, ती सुटलेल्या वायूची भोकं, आणि काही थरांच्या बुडाशी उभ्या नळ्यांसारखी भोकं दिसतात. म्हणजे काहीतरी विरघळलेलं होतं आणि ते बाहेर पडलं. पण भोकं मोजून पाणी किती होतं ते काढायला जाऊ नका, बराचसा वायू आधीच निसटलेला असतो. त्याचा खरा पुरावा ऑलिविनच्या स्फटिकात अडकलेल्या रसाच्या सूक्ष्म थेंबात मिळतो, पण त्याला लॅब लागते.

आणि आता तो सापळा ज्यात जवळपास प्रत्येकजण पाय घालतो. याच भोकांमध्ये पांढरे, हिरवट, गुलाबीसर सुंदर स्फटिक भरलेले असतात: स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे नमुने रांगेनं मांडलेत, एकदा बघाच. यातले पहिले तीन झिओलाइट कुळातले, अपोफिलाइट त्या कुळातलं नाही, पण पाणी सगळ्यांतच असतं, त्यामुळे लोक लगेच म्हणतात बघा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा रस, किती ओला होता. तसं नाही. हे स्फटिक लाव्हा गोठल्यानंतर बऱ्याच काळानं, फार कमी तापमानाला, दगडातून झिरपणाऱ्या पाण्यातून भोकात वाढले. भोक मॅग्माच्या वायूचं, भरणा नंतरच्या पाण्याचा. वहीत दोन वेगळे रकाने करा आणि या दोघांना एका रकान्यात कधीच लिहू नका. पांढरा स्फटिक कॅल्साइट आहे की झिओलाइट अशी शंका आली तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, जोरात फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर बहुधा झिओलाइट किंवा क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ असेल तर चाकूनं ओरखडा उठणार नाही. ॲसिडची बाटली ड्रॉपरवाली घ्या, सॅकमध्ये उभी ठेवा, आणि संग्रहालयातल्या नमुन्यांवर हा प्रयोग अर्थातच करायचा नाही.